धुळीची मोजपट्टी

वाचनपाठ (वरचा स्तर). आधी एकदा मनात वाचा, मग घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा.

मुलांनो, मराठीत धुळीला फारसा मान नाही. कुणाला फसवलं तर त्याच्या डोळ्यांत धूळ फेकली म्हणतो, हरवलं तर धूळ चारली म्हणतो, आणि शनिवारी उघडायची मराठीची वही आठवडाभर धूळ खात पडलेली असते. (कुणाची ते मी सांगत नाही.) धुळीच्या बाजूचा एकच शब्द मला आठवतो, तो म्हणजे धूळपाटी. पूर्वी शाळेत फळीवर बारीक धूळ पसरायचे आणि तिच्यात बोटाने अक्षरं नि आकडे गिरवायचे. आजच्या पाठातल्या धुळीवरही अशीच आकडेमोड झाली. फक्त ही धूळ पृथ्वीवरची नाही.

सप्तर्षी तुम्ही पाहिले असतील. अमेरिकेत त्यांना बिग डिपर म्हणतात. त्या पळीच्या दांड्याखाली श्यामशबल नावाचा एक फिकट तारकासमूह आहे, आणि त्यात एनजीसी ४१५१ नावाची दीर्घिका आहे. दीर्घिका म्हणजे गॅलेक्सी, अब्जावधी ताऱ्यांचं कुटुंब. आपली आकाशगंगा ही अशीच एक दीर्घिका. एनजीसी ४१५१ प्रथम पाहिली विल्यम हर्शेल यांनी, १७८७ साली. पुढे १९४३ मध्ये कार्ल सीफर्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने फार तेजस्वी केंद्र असलेल्या काही दीर्घिकांचा अभ्यास केला, त्यातही ही होती.

अशा केंद्राला सक्रिय केंद्रक म्हणतात. त्याच्या मधोमध एक प्रचंड कृष्णविवर असतं. कृष्णविवरातून स्वतःचा प्रकाश बाहेर येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण त्यात पडायला निघालेला वायू आधी त्याच्याभोवती गरगर फिरतो, घासला जाऊन तापतो आणि लखलखतो. आपल्याला दिसतं ते हे लखलखणं. (या विषयावरचं एक पाठ्यपुस्तक पुण्याच्या आयुका या संस्थेतल्या अजित केंभावी आणि जयंत नारळीकर यांनी लिहिलं आहे, १९९९ सालचं, इंग्रजीत. कॉलेजात गेलात की बघा.)

आता धूळ. या तेजस्वी भागाच्या बाहेर कार्बनचे आणि वाळूत असतात तशा सिलिकेटचे कण पसरलेले असतात, उदबत्तीच्या धुरासारखे बारीक. जगभरचे शास्त्रज्ञ या धुळीच्या आकाराला डोनट म्हणतात. आपण मेदूवडा म्हणू या. वड्याच्या भोकात कृष्णविवर, आणि सभोवती धुळीचं जाड कडं. वरून पाहिलं तर भोकातला उजेड थेट दिसतो, बाजूने पाहिलं तर वडा आड येतो.

हे नुसतं कागदावरचं चित्र नाही. १९८५ साली रॉबर्ट अँटोनुची आणि जोसेफ मिलर यांनी एनजीसी १०६८ या दुसऱ्या दीर्घिकेत धुळीआडचं केंद्र ओळखून दाखवलं. शेजारच्या खोलीतला टीव्ही दिसत नाही, पण त्याचा उजेड पॅसेजच्या भिंतीवर नाचताना दिसतो ना? तसंच काहीसं. लपलेल्या केंद्राचा थोडा प्रकाश बाहेरच्या वायूवर आपटून आपल्याकडे वळला होता, तो त्यांनी वेगळा काढला.

एनजीसी ४१५१ मध्ये मात्र केंद्र आपल्याला बरंचसं उघडं दिसतं, म्हणून मोजमापाला ती सोयीची.

तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब टाकला की चर्र करून उडून जातो. केंद्राच्या फार जवळ गेलेल्या धुळीचं तसंच होतं. साधारण १२०० अंश सेल्सिअसच्या पुढे हे कणसुद्धा टिकत नाहीत, त्यांची वाफ होते. त्यामुळे कड्याला आतून एक कडा तयार होते. तिच्या आत धूळ नाही, बाहेर आहे. आणि तव्याजवळ हात नेला की तो लाल झालेला नसतानाही धग लागते, ती धग म्हणजे अवरक्त किरण. तापलेली धूळही अशीच धग बाहेर टाकते. ती डोळ्यांना दिसत नाही, पण योग्य कॅमेरा लावलेल्या दुर्बिणीला दिसते.

केंद्राचं तेज सारखं कमी-जास्त होत असतं. समजा, ते आज अचानक वाढलं. काही प्रकाश सरळ आपल्याकडे निघाला. काही प्रकाश आधी आडवा धुळीपर्यंत गेला, धूळ तापली, आणि मग तिथून धग आपल्याकडे निघाली. म्हणजे धग उशिरा पोचणार. किती उशिरा, हे मोजलं की धूळ केंद्रापासून किती लांब आहे ते कळलं! माझ्या नोकरीत आम्ही हेच करतो. सर्व्हर कुठे अडकलाय ते दिसत नाही, मग त्याला ‘पिंग’ पाठवायचं आणि उत्तर यायला किती वेळ लागला ते बघायचं. माथेरानच्या इको पॉइंटला ओरडलात तरी तेच. दोन सेकंदांनी आवाज परत आला, ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, म्हणजे समोरचा डोंगर ३४० मीटरवर.

इथे एक मुलगी वर्गात हमखास विचारते, “ताई, तिथे निम्मं केलं, मग इथेही निम्मं करायचं का?” नाही. माथेरानला आवाज जाऊन परत येतो. इथे प्रकाश केंद्राकडे परत येत नाही, धुळीवरून तसाच आपल्याकडे निघतो. जास्तीचा प्रवास फक्त केंद्र ते धूळ एवढाच. (कड्याची आपल्याकडची बाजू थोडी लवकर उत्तर देते, पलीकडची थोडी उशिरा. सरासरी काढली की झालं.)

हवाई बेटांवरच्या हालेआकाला पर्वतावर जपानी शास्त्रज्ञांची मॅग्नम नावाची २ मीटर व्यासाची दुर्बीण होती. तिच्यावरून एनजीसी ४१५१ वर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. २००४ साली त्यांनी उत्तर छापलं, धग सुमारे ४८ दिवस मागे होती. म्हणजे धूळ केंद्रापासून ४८ प्रकाशदिवसांवर. प्रकाश सेकंदाला ३ लाख किलोमीटर जातो, त्यावरून हे होतात सुमारे सव्वा लाख कोटी किलोमीटर, सूर्य ते नेपच्यून अंतराच्या पावणेतीनशे पट. आकडा कायम तोच राहिला नाही. २००१ ते २००६ या काळात तो ३३ ते ७१ दिवसांमध्ये हलत राहिला, कारण केंद्राचं तेज बदललं की धुळीची आतली कडाही सरकते.

इथपर्यंत ठीक. पण ही दीर्घिका आपल्यापासून किती लांब आहे? इथे सगळं अडलं होतं. कुणी म्हणे १ कोटी ३० लाख प्रकाशवर्षं, कुणी म्हणे साडेनऊ कोटी. सातपट फरक! आणि अंतर चुकलं की बाकी सगळंच चुकतं. दिवा दुप्पट लांब आहे असं धरलं, तर तेवढाच उजेड दिसण्यासाठी तो चौपट तेजस्वी असायला हवा. सातपट फरक म्हणजे तेजात जवळजवळ पन्नासपट गोंधळ. कृष्णविवराचं वस्तुमानही या अंतरावरून काढतात, तेही डळमळीत. दीर्घिका आपल्यापासून किती वेगाने दूर जाते त्यावरून अंतर काढायची एक रीत आहे, पण इतक्या ‘जवळच्या’ दीर्घिकांना शेजाऱ्यांच्या ओढीने स्वतःचाही वेग असतो, म्हणून ती फसवी ठरते.

मग सेबास्टियन होनिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धुळीच्या कड्याचीच मोजपट्टी केली. कल्पना साधी आहे. स्कूल बस किती लांबीची असते ते तुम्हाला ठाऊक आहे. रस्त्याच्या टोकाला ती नखाएवढी दिसली, तर ती किती दूर आहे हे गणिताने काढता येतं. खरा आकार आणि दिसणारा आकार, दोन्ही हवेत. धुळीचा खरा आकार उशिरावरून मिळाला. दिसणारा आकार मोजायला हवाईतल्याच मौना केआ पर्वतावरच्या केक दुर्बिणी वापरल्या, १०-१० मीटरच्या दोन, एकमेकींपासून ८५ मीटरवर. दोघींचा प्रकाश एकत्र केला की बारकावे टिपायच्या बाबतीत त्या एका ८५ मीटरच्या दुर्बिणीसारख्या वागतात.

हे कडं आकाशात दिसतं तरी केवढं? तुम्ही न्यूयॉर्कमध्ये क्वार्टरचं नाणं हातात धरून उभे राहा. मुंबईच्या गच्चीतून आजीला ते नाणं जेवढं दिसेल (मधे पृथ्वीची गोलाई नाही असं समजा!), साधारण तेवढी त्या कड्याची त्रिज्या. मला हा हिशेब स्वतः करून बघेपर्यंत खरा वाटला नव्हता.

२०१४ साली त्यांचं उत्तर ‘नेचर’मध्ये आलं. अंतर १९ मेगापार्सेक, म्हणजे सुमारे ६ कोटी २० लाख प्रकाशवर्षं, सुमारे ८५ लाख इकडे-तिकडे.

गोष्ट इथे संपली असती तर मला हा पाठ लिहायला सोपा गेला असता. २०२० मध्ये दुसऱ्या गटाने हबल दुर्बिणीतून याच दीर्घिकेतले सेफिड जातीचे तारे पाहिले. हे तारे ठरावीक लयीत कमी-जास्त तेजस्वी होतात आणि त्या लयीवरून त्यांचं खरं तेज कळतं. त्यांचं उत्तर आलं सुमारे ५ कोटी १५ लाख प्रकाशवर्षं. मग धुळीची मोजपट्टी खोटी ठरली का? मला तसं वाटत नाही. दोन्ही उत्तरांतली संभाव्य चूक धरली तर ती एकमेकांना जवळजवळ टेकतात, आणि आधीच्या सातपट गोंधळापुढे हा फरक किरकोळ आहे. पण मेदूवडा वाटतो तितका गोल गरगरीत नसेल, तर उत्तर सरकणारच. होनिग यांच्याच गटाने २०१३ मध्ये एनजीसी ३७८३ या दीर्घिकेत पाहिलं, तर पुष्कळशी धूळ कड्यात नव्हतीच. ती कड्याच्या वर आणि खाली होती, वड्यावरून वाफ निघावी तशी बाहेर फेकली जात होती.

स्वाध्याय

१. ‘डोळ्यांत धूळ फेकणे’, ‘धूळ चारणे’, ‘धूळ खात पडणे’ हे वाक्प्रचार वापरून स्वतःच्या घरातलं किंवा शाळेतलं एकेक वाक्य लिहा.

२. धग ७१ दिवस मागे असताना धूळ केंद्रापासून किती किलोमीटरवर होती? उत्तर लाख कोटीत लिहा. कॅल्क्युलेटर चालेल.

३. इको पॉइंटला निम्मं करतात आणि दीर्घिकेत का करत नाहीत, ते चित्र काढून घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला मराठीत समजावून सांगा. त्यांनी विचारलेला एक प्रश्न पुढच्या वर्गात घेऊन या.