संचाचा दिवा गेला!

घरातला दिवा गेला की आपण नवा बसवतो. पण दूरचित्रवाणी संचाचाच दिवा गेला असे कोणी म्हटले तर? ही थट्टा नव्हे. या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकेत खपणाऱ्या अनेक पश्चप्रक्षेपण संचांत खरोखरच एक प्रखर दिवा असे. त्याच्या प्रकाशाने तयार झालेले चित्र आरशावरून पडद्याच्या पाठीवर पडे. २०१२ च्या अखेरीस मित्सुबिशी कंपनीने हे संच बंद केले. तरी त्या दिव्याची गोष्ट शिकण्यासारखी आहे. वर्गातल्या प्रोजेक्टरमध्ये आजही पुष्कळदा तसाच दिवा असतो.

या दिव्यात तार नसते. क्वार्ट्झच्या छोट्या कुपीत थोडा पारा आणि टंगस्टनची दोन टोके असतात. टोकांमधले अंतर जेमतेम एक मिलिमीटर! हजारो व्होल्टचा झटका दिला की तेथे प्रज्योत पेटते, पाऱ्याची वाफ होते आणि आतला दाब वातावरणाच्या सुमारे २०० पट होतो.

मग बिघडते काय? तापलेल्या टोकांवरचे टंगस्टन उडून कुपीच्या भिंतीवर बसते. कुपीत किंचित ब्रोमीन असते. ते हे टंगस्टन पुन्हा टोकांकडे नेते, पण सगळे नाही. भिंत काळवंडते, अधिक उष्णता शोषते आणि क्वार्ट्झ दुबळे होते. शेवटी दिवा विझतो, क्वचित फुटतोही. दर वेळी पेटवताना टोके जास्त झिजतात, म्हणून सारखे चालू-बंद करू नये.

आता थोडे गणित. दिव्याचे सरासरी आयुष्य ६,००० तास आहे आणि संच रोज ५ तास चालतो असे समजा. म्हणजे १,२०० दिवस झाले. पण सरासरी म्हणजे हमी नव्हे. काही दिवे आधी जातील, काही नंतर. शिवाय संच चालायला दिवा, त्याचे विद्युत्-मंडल, पंखा आणि रंगचक्र हे चारही भाग शाबूत हवेत. प्रत्येक भाग तीन वर्षे टिकण्याची संभाव्यता ०.९ धरली, तर चारही टिकण्याची ०.९ × ०.९ × ०.९ × ०.९, म्हणजे सुमारे ०.६६. शंभरांपैकी चौतीस संच अडणार!

हा गुणाकार केव्हा बरोबर? एका भागाच्या बिघाडाचा दुसऱ्याशी संबंध नसेल तेव्हाच. येथे तर संबंध आहे. पंखा धुळीने मंदावला की दिवा जास्त तापतो. म्हणून चित्र अंधूक झाले तर आधी दिव्याचा संशय घ्यावा. पण नवा दिवाही लवकर गेला, तर दोष पंख्यात शोधावा.

दिवा बदलण्याचे काम मोठ्यांनीच करावे. प्लग काढून दिवा पूर्ण थंड होऊ द्यावा. क्वार्ट्झला उघडे बोट लावू नये. घामातल्या क्षारांमुळे तापल्यावर ते पांढरे पडून कमजोर होते. जुन्या दिव्यात पारा असतो, तेव्हा तो केरात टाकू नये.

आता तुम्ही सांगा : एका यंत्रात दहा भाग आहेत आणि प्रत्येकाची संभाव्यता ०.९९ आहे. यंत्र चालू राहण्याची संभाव्यता किती? उत्तर काढण्याआधी अंदाज लिहून ठेवा.