बर्फातला दगड चंद्राचाच कशावरून?

प्रश्न : अंटार्क्टिकात सापडलेली उल्का चंद्रावरचीच, हे कसे ठरवतात?

उत्तर : जानेवारी १९८२ मध्ये अ‍ॅलन हिल्सच्या बर्फावर मिळालेली ३१ ग्रॅमची 'एएलएच ८१००५' पाहा. तिच्यातले पांढरे, कॅल्शियमयुक्त फेल्डस्पारचे तुकडे चंद्रावरच्या उंच भूभागासारखे आहेत. पण रूपसाम्य हा पुरावा नव्हे. वेस्टा या लघुग्रहाच्या कुळातल्या उल्कांतही असे फेल्डस्पार असते. ऑक्सिजनच्या समस्थानिकांनी ते कूळ बाद केले. यावर रास्त आक्षेप असा, की ती समस्थानिके पृथ्वीशीही जुळतात. मग दगड इथलाच का नसावा? माझ्या मते निर्णायक आहे ते लोह-मँगनीज गुणोत्तर. ते अपोलोच्या नमुन्यांशी जुळते, पृथ्वीवरच्या खडकांशी नाही. वातावरणात वितळून बनलेले कवचही आहेच. आघाताने चंद्रावरून उडालेला दगड शाबूत राहणार नाही, अशी शंका तेव्हा होती. पण नमुना हाती असताना तपासायचे होते ते आघाताचे गणित.