चौक सर्वांचा केव्हा होतो?



संध्याकाळी घरभेटींना निघालो की भोकरच्या गल्ल्यांतून एक दृश्य आम्हाला वारंवार दिसते. घरांच्या मध्ये एक मोकळी जागा असते. तिथे उकिरडा, कॅरीबॅगा आणि कुणीतरी टाकलेली विटामातीची रास. म्हातारी माणसे आपापल्या उंबरठ्यावर एकटी बसलेली. मुले मोटारसायकली चुकवत रस्त्यावर खेळतात. जागा आहे, माणसेही आहेत. पण त्यांची भेट होत नाही.

पूर्वी ही भेट पारावर होत असे. वडा-पिंपळाची सावली आणि दगडी ओटा, एवढ्यावर गावाच्या गप्पा चालत. पण पाराची दुसरी बाजूही आपण विसरू नये. तिथे कोणी बसायचे हे जात ठरवी आणि बायका पदर ओढून खाली मानेने समोरून जात. ग्रीक तत्त्वज्ञ अ‍ॅरिस्टॉटल यानेही नगरात निवांत भेटण्यासाठी वेगळा चौक असावा असे सुचवले; मात्र शेतकरी व कारागीर यांना बोलावल्याशिवाय तिथे प्रवेश नको, असेही म्हटले. म्हणून जागा सुधारण्याआधी ‘ती कोणाची?’ हा प्रश्न विचारावा लागतो.

१) कागदावर खुली जागा

सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये केला. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरी चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्य मानलेल्यांना मिळेना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ते पाणी प्याले. यातून आपण एवढे शिकावे: ठरावाने जागा सार्वजनिक ठरते, पण ती सर्वांची होते ती सर्वांचे पाय तिथे निर्भयपणे लागतात तेव्हाच.

२) पुलाखालची बाग

मुंबईत माटुंग्याच्या उड्डाणपुलाखालची जागा बेकायदा पार्किंग आणि गैरप्रकारांनी व्यापली होती. रहिवाशांनी तक्रारीवर न थांबता महापालिकेकडे पाठपुरावा केला. २०१६ मध्ये तिथे नानालाल डी. मेहता उद्यान खुले झाले. नर्मदेच्या प्रवाहासारखी वळणे घेणारी सुमारे ६०० मीटरची पायवाट तिथे आहे. ऊन-पावसात डोक्यावर पुलाचेच छप्पर. ज्या पुलामुळे जागा ओसाड झाली, तोच तिची सावली झाला.

३) आपल्या गल्लीत

आपल्याकडे मोठा पैसा नाही. पण सुरुवातीला तो लागतही नाही. आधी आठवडाभर पाहावे: सकाळी, दुपारी, रात्री त्या जागेवर कोण येते, कोण टाळते आणि का? मग जागेची मालकी तपासून नगर परिषदेकडे लेखी अर्ज द्यावा. कचरा उचलण्याचा वार ठरवावा. मराठवाड्याच्या उन्हात पहिली गरज सावलीची. म्हणून फरशीच्या आधी कडुनिंब लावावा आणि त्याला पाणी कोण घालणार हे नाव घेऊन ठरवावे. नंतर टेकून बसता येईल असा ओटा आणि एक दिवा. दिवा नसेल तर अंधार पडताच बायका-मुली ती जागा सोडतात.

सर्वांत महत्त्वाचे, ठरवायला बसताना सर्व घरांना बोलवावे. केवळ आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांचा चौक झाला, तर तो आणखी एक जुना पारच ठरेल.

संदेष्टा जखऱ्याच्या आठव्या अध्यायात नव्या यरुशलेमचे चित्र आहे. हातात काठी घेतलेले वृद्ध चौकांत बसले आहेत आणि भोवती मुलेमुली खेळत आहेत. देवाने आपल्या लोकांमध्ये पुन्हा वस्ती केल्याची ही खूण किती साधी आहे!

चिंतनासाठी प्रश्न

१. आपल्या गल्लीतील कोणती जागा सर्वांची असूनही कोणाचीच नाही?
२. तिथे बसायला आज कोणाला संकोच वाटतो? त्यात आपला वाटा किती?
३. या आठवड्यात शेजारच्या कोणत्या घराशी आपण याविषयी बोलू?