उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात गप्प

प्रश्न : घरच्या टीव्हीला जोडायला एक कॉम्प्युटर घ्यायचा आहे. वडिलांनी जमवलेली कीर्तने, घरातल्या लग्नांच्या डीव्हीडी आणि आमच्या बारवेचे ड्रोनने काढलेले व्हिडिओ असा सगळा साठा हार्डडिस्कवर आहे. पुतण्या पुण्याहून ऑफिसमधला जुना डेस्कटॉप आणतो म्हणतो. तसलाच एक पाहिला, पण कीर्तनकार जरा हळू बोलले की त्याचीच घरघर ऐकू येते. पंखाच नसलेली छोटी पेटीही मिळते म्हणे. बजेट 20 हजार. काय घ्यावे?
— एक वाचक, वालूर (ता. सेलू, जि. परभणी)

उत्तर : तुमचा साठा नुसता कीर्तनांचा आणि लग्नांच्या डीव्हीडींचा असता तर कुठलाही जुना कॉम्प्युटर चालला असता. घोळ आहे तो ड्रोनच्या व्हिडिओंचा. वालूरच्या बारवेच्या गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्या वरून टिपायला ड्रोनच हवा, हे मान्य. पण हल्लीचे ड्रोन आणि मोबाइल बहुधा एचईव्हीसी पद्धतीने चित्र साठवतात. ही पद्धत 2013 मध्ये आली. जुन्या एच.264 च्या निम्म्या जागेत ती साधारण तेवढेच चांगले चित्र बसवते, पण ते उलगडायला चिपमध्ये खास सोय लागते. ती नसेल तर सगळे काम प्रोसेसरवर पडते, तो तापतो, पंखा किंचाळतो आणि चित्र तरीही अडखळतेच. अशी घरघर पुष्कळदा याच कारणाने होते.

इंटेलच्या सातव्या पिढीपासून ही सोय पूर्ण आहे, 10 बिटच्या चित्रांसह. पिढी ओळखायला नावातला आकडा वाचावा : आय5-7500टी म्हणजे सातवी, 8500टी म्हणजे आठवी. शेवटचा ‘टी’ महत्त्वाचा. तो असलेली चिप 35 वॉटची, नसलेली बहुधा 65 वॉटची. पुतण्याला एवढे एक अक्षर बघायला सांगा, निम्मी घरघर पुण्यातच राहील. विंडोज 11 अधिकृतपणे आठव्या पिढीपासूनच चालते आणि विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, तेव्हा सातवीपेक्षा आठवी बरी. लिनक्सवर ‘कोडी’ हा मीडिया प्लेयर चालवणार असाल तर सातवीही चालेल.

आता बिनपंख्याच्या पेटीचे. ती आपली उष्णता नुसती भोवतालच्या हवेला देते, आणि ती हवा बरीच गार असेल तरच हे जमते. मे महिन्यात तुमच्याकडे पारा 42-43 च्या पुढे जातो. वर पत्रे असतील तर दुपारी खोलीही फार मागे नसते. त्यात पेटी काच लावलेल्या शोकेसमध्ये कोंबली की चिप स्वतःला वाचवायला वेग कमी करते आणि कीर्तन तुटक होते.

पण त्याच मे महिन्यात छताचा पंखा पाचावर असतो आणि खिडकीत कूलर धडधडत असतो. त्या गोंगाटात कॉम्प्युटरचा पंखा कुणाला ऐकू येणार? शांतता लागते ती दिवाळीनंतर, घरातले पंखे बंद झाल्यावर, आणि तेव्हा चिप आपोआपच गार असते. म्हणून पंखा नकोच असा हट्ट धरू नका. मागा मोठा आणि तापमान पाहून वेग बदलणारा पंखा : 12 सेंटिमीटरचा, चार पिनांचा. पंख्याचा वेग निम्मा केला की त्याचा आवाज साधारण 15 डेसिबलने उतरतो, आणि मोठे पाते सावकाश फिरूनही पुरेशी हवा ढकलते. बायोसमध्ये चिप 50 अंशांपर्यंत असेतो पंखा सर्वांत मंद आणि 75 ला पूर्ण वेगात, असे लावून द्या.

माझी निवड विचाराल तर इंटेल एन100 ची. 2023 मधली ही चिप 6 वॉटची आहे. एचईव्हीसी तर ती उलगडतेच, शिवाय यूट्यूब वापरत असलेली एव्ही1 ही नवी पद्धतही, जी आठव्या पिढीला जमत नाही. ही चिप बसवलेले, नुसता ॲल्युमिनियमचा ठोकळा डोक्यावर असलेले मदरबोर्ड मिळतात. त्यातला 19 व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारा पाहा. मग एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) नको आणि त्याचा पंखाही नको. एखादा रिकामा जुना कॅबिनेट, त्यात वर सांगितलेला 12 सेंटिमीटरचा पंखा, 8 जीबी रॅमची एकच पट्टी आणि 256 जीबीची एसएसडी. ग्राफिक्स कार्ड आणि झगमगते दिवे दुकानदार गळ्यात मारेल. दोन्हींना नको म्हणा. रॅम-एसएसडीचे भाव सध्या फार हलतात, तरी जमवाजमव 20 हजारांत बसायला हरकत नाही. जोडून देणारे कुणी नसेल तर पुतण्याचा आठव्या पिढीतला ‘टी’वाला घ्या, आतली धूळ ब्लोअरने काढा आणि चिपवरची वाळलेली पेस्ट बदला.

हार्डडिस्कचा गुणगुणाट तिच्यापेक्षा तिच्याखालच्या लाकडी फळीतून जास्त येतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे तिच्याखाली ठेवले की काम होते. नेटफ्लिक्स वगैरेंसाठी मात्र टीव्हीची स्टिक वेगळी घ्या. लिनक्सवर ती मंडळी पूर्ण दर्जाचे चित्र सहसा देत नाहीत.

अडॅप्टरची शिफारस आणखी एका कारणाने. तो बहुधा 100 ते 240 व्होल्टवर चालतो, त्यामुळे संध्याकाळी व्होल्टेज 170 वर आले तरी कॉम्प्युटर बंद पडत नाही. इन्व्हर्टर घ्यायचा असेल तर साइन वेव्हचाच घ्या. स्क्वेअर वेव्हवर काही एसएमपीएस आणि छताचा पंखाही गुणगुणतो.

आणि घरात अर्थिंग नसेल तर कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. तोच प्रवाह एचडीएमआयच्या वायरीतून टीव्हीत शिरला की पोर्ट जाऊ शकते, आणि ती दुरुस्ती नव्या एन100 बोर्डाच्या किमतीला भिडू शकते. म्हणून वायरमनकडून आधी अर्थिंग तपासून घ्या, आणि एचडीएमआय जोडताना टीव्ही व कॉम्प्युटर दोन्हींचे प्लग काढून ठेवा.