उसाच्या इंधनाचा हिशेब

पंपावर आपण जे पेट्रोल घेतो, त्यात आता सुमारे पाचवा हिस्सा इथेनॉल असते. म्हणजे ऊस, मका, तांदूळ यांपासून केलेला मद्यार्क. खनिज तेलाची आयात घटावी आणि धूरही कमी व्हावा, हा त्यामागील हेतू आहे. या प्रयोगाचा मोठा इतिहास ब्राझीलचा आहे आणि तो आपल्या विद्यार्थ्यांनी अभ्यासावा असा आहे.

ब्राझील त्या काळी गरजेचे सुमारे ८० टक्के तेल बाहेरून आणीत असे. १९७३ च्या तेलसंकटाने भाव चौपट झाले. १४ नोव्हेंबर १९७५ रोजी तेथील लष्करी राजवटीने 'प्रोआल्कूल' ही योजना जाहीर केली. १९७९ मध्ये निव्वळ मद्यार्कावर चालणारी 'फियाट १४७' बाजारात आली आणि काही वर्षांतच बहुतेक नव्या मोटारी याच इंधनाच्या निघू लागल्या. पुढे तेल स्वस्त झाले, साखर महागली. कारखाने साखरेकडे वळले आणि १९८९ च्या सुमारास पंपांवर मद्यार्क मिळेनासा झाला. ग्राहकांचा उडालेला विश्वास परतला तो २००३ मध्ये, पेट्रोल व मद्यार्क कोणत्याही प्रमाणात चालणारे 'फ्लेक्स' इंजिन आल्यावर. आपल्याकडेही डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडण्याची चिन्हे दिसताच केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले.

मात्र एक भेद विसरता येणार नाही. साओ पाउलोचा ऊस बहुतांशी पावसावर वाढतो. महाराष्ट्राचा कालव्याच्या आणि विहिरीच्या पाण्यावर. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. शिवाय त्याची ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच. म्हणूनच हायब्रीड वाहनाचे मोल मला अधिक वाटते. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा ते बॅटरीत साठवते आणि तेवढ्याच अंतराला कमी इंधन घेते. ब्राझीलमध्ये २०१९ पासून फ्लेक्स इंजिनाला अशी विजेची जोड दिलेली मोटार धावते आहे. वाचलेला प्रत्येक लिटर हे आपल्यासाठी वाचलेले पाणीही आहे.

आणि माणसे? साओ पाउलोमध्ये २००२ च्या कायद्याने ऊस जाळून तोडणे टप्प्याटप्प्याने बंद झाले. हवा सुधारली, यंत्रे आली आणि तोडणी कामगारांचे काम गेले. आपल्याकडे आजही बहुतेक ऊस कोयत्यानेच तुटतो. दिवाळीच्या सुमारास बीडकडील जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन निघतात. मुले एक तर फडावर जातात, नाहीतर वसतिगृहात राहतात. आपल्या शाळेतील काही मुले त्यांच्यापैकीच आहेत. इथेनॉलचा खरेदीदर सरकार ठरविते, प्रकल्पांच्या कर्जावर व्याजसवलतही मिळते. तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलातून वजा होतो आणि तोडणाऱ्याच्या हाती टनामागे ठरलेली मजुरी पडते. त्या उसाची पुढे साखर झाली काय की इथेनॉल झाले काय, त्या मजुरीत फरक पडत नाही.