खगोलाचा अभ्यासवर्ग: आरंभ आणि सातत्य

माध्यमिक शाळेत खगोलाचा वर्ग सुरू होतो तो बहुधा दुर्बिणीने, आणि बंद पडतो तो शिक्षकाच्या बदलीने. पहिल्या रात्री शनीची कडी पाहण्यास गाव लोटतो; पुढे ढगाळ हवा, परीक्षा व मुलींना रात्री शाळेत धाडण्याविषयी पालकांची नाखुशी यांमुळे उत्साह ओसरतो. यास्तव वर्गाचा पाया दिवसाच्या तासिकेवर घालणे इष्ट.

मैदानात एक मीटर उंचीची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी. मध्यान्हीच्या सुमारास तिची सर्वांत आखूड छाया दर आठवड्यास मोजून, तारीख व वेळेसह वहीत नोंदवावी. सूर्याकडे मात्र उघड्या डोळ्यांनी कोणीही पाहू नये. छत्रपती संभाजीनगरातील उस्मानपुऱ्यात दिव्यांच्या झगमगाटापुढे मंद तारे लोपतात. पण हा पाठ तेथेही अडत नाही. या शहराचा अक्षांश सुमारे १९ अंश ५३ कला उत्तर. म्हणून ही छाया २२ डिसेंबरास सुमारे ९४ सेंटिमीटर, तर २१ मार्चला ३६ भरते. २१ जूनला आभाळ उघडे मिळालेच, तर ती जेमतेम ६ सेंटिमीटर, आणि तीही दक्षिणेकडे पडलेली आढळते. शिवाय आखूड छाया घड्याळाच्या बारास कधीच येत नाही. नोव्हेंबरच्या आरंभी ती १२ वाजून १२ मिनिटांच्या, तर फेब्रुवारीच्या मध्यास १२ वाजून ४३ मिनिटांच्या सुमारास येते. असे का, हे मुलांनीच विचारावे. शिक्षकाने उत्तराची घाई करू नये.

खेड्यातील प्राथमिक शिक्षकांजवळ शहराला दुर्मीळ झालेले काळोखे आकाश आहे. हात लांब करून धरलेली मूठ सुमारे दहा अंश झाकते. उत्तर क्षितिजापासून दोन मुठी वर ध्रुव सापडतो. एवढे शिकून आलेला विद्यार्थी माध्यमिक वर्गास मोठा आधार होय.

सातत्याचा प्रश्न नवा नाही. चाळीसगावजवळील पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. त्यास उत्पन्न लावून दिल्याची नोंद तेथील १२०७ च्या शिलालेखात आहे. आजच्या शाळेस जमीनजुमला नको. वेळापत्रकात आठवड्याची एक तासिका आणि एकाऐवजी दोन शिक्षक हवेत. छायेची वही कोणा एकाच्या घरी न राहता शाळेच्या दप्तरी असावी, आणि बदलीच्या वेळी कार्यभारात तिचीही नोंद व्हावी.