उरलेलं घर गावात असतं

हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा, सेनगाव या पाच तालुक्यांत घरकुलांचे नकाशे काढता काढता काही गोष्टी उमगत गेल्या. त्या इथे मांडतो.

1. घर माणसांइतकंच पिकासाठीही लागतं. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातल्या घरकुलाला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. क्षेत्रफळ किमान 25 चौरस मीटर, स्वयंपाकाची जागा धरून. कागदावर त्यात खाट, चूल, देव्हारा सगळं बसतं. मग सोयाबीनची पोती येतात, वसमतकडे हळद येते आणि माणसं अंगणात निजतात. म्हणून जागा मोजायच्या आधी मी विचारतो, "पोती कुठं ठेवता? हळद कुठं वाळवता?"

2. जुन्यातलं काय ठेवायचं, हे नीट निवडावं लागतं. मे महिन्यातल्या दुपारी माळवदाखाली जीव थंड होतो, पत्र्याखाली बसवत नाही. पण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी परिसरात दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची तीच जड छतं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हिंगोलीलाही 2024 च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. गारवा हवा, ओझं नको. भिंतींना चौफेर आवळून धरणारा काँक्रीटचा पट्टा, कोपऱ्यांत उभ्या सळया, दगडी भिंतीच्या दोन्ही अंगांना सांधणारे लांब दगड हे हवंच. गिलाव्याखाली यातलं काहीच दिसत नाही, म्हणून पैसे कमी पडले की पहिली काटछाट इथेच होते. इथे मी हट्ट सोडत नाही.

3. नकाशा आधी घरातल्या बाईपुढे ठेवावा. पुरुषमंडळी बहुधा स्लॅबचं आणि दर्शनी भागाचं बोलतात. एका बाईंनी कागदावर बोट ठेवून विचारलं, "भाऊ, न्हाणीचं पाणी कुठं जाईल?" त्या एका प्रश्नातून शोषखड्डा, भांडी घासायची जागा, परसातला शेवगा आणि मागचं दार, सगळं ठरत गेलं. इतका नेमका प्रश्न मला कुणी शिकवला नव्हता.

4. सभागृहाला कुलूप लागतं, पार उघडाच असतो. किल्ली कुणाकडे राहील, यावरच कित्येक इमारतींचं भवितव्य ठरतं. पण पारावर कोण बसतं आणि कोण मान खाली घालून पुढून जातं, हेही बघायला हवं. बायकांसाठी, गावकुसाबाहेर ठेवलेल्यांसाठी तो पार मोकळा असतोच असं नाही. अंगणवाडीच्या भिंतीला सावलीचा लांब ओटा दिला, तर पोरांना न्यायला आलेल्या साऱ्या जणी एकाच ओळीत टेकतात.

5. उरलेलं घर गावात असतं. 25 चौरस मीटरमध्ये लग्नाचे पाहुणे मावत नाहीत, वाळवण मावत नाही, दहावीच्या मुलीचा अभ्यास मावत नाही. सामाईक खळं, रात्री दिवा असलेली अभ्यासिका आणि सर्वांना खुला मांडव ही त्याच घराची बाहेरची दालनं आहेत. म्हणून ज्या ग्रामसभेत घरकुलांची यादी वाचली जाते, तिथेच यांच्या जागेचाही ठराव व्हावा, असं मी प्रत्येक गावात सांगतो. गायरानाचा शेवटचा तुकडा गेल्यावर ठराव करून उपयोग नसतो.